मेसी चर्च : एकट्या पालकाच्या घराला कितपत उपयोगी?

मेसी चर्च म्हणजे मुलं आणि मोठी माणसं एकत्र येऊन हातकाम, उपासना आणि जेवण करतात असा चर्चचा कार्यक्रम. त्याची सुरुवात 2004 साली इंग्लंडमध्ये, पोर्ट्समथजवळच्या काउप्लेनच्या एका अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या पंथातल्या) मंडळीत, म्हणजे स्थानिक चर्चच्या समूहात, झाली. पुढे अनेक देशांतल्या मंडळ्यांनी तो उचलला. बहुतेक ठिकाणी महिन्यातून एकदा, साधारण दोन तास: स्वागत, तासभर रंगकाम-चिकटकाम, 15-20 मिनिटांची उपासना आणि शेवटी एकत्र बसून जेवण. मुलाला सोडून निघून जायचं नाही, सोबतच्या मोठ्या माणसाने थांबायचं, अशी अट आहे.

ही अट मला फार मोलाची वाटते. रविवारच्या उपासनेत आई-वडील बाकावर आणि मुलं संडे स्कूलला, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या वर्गाला, अशी विभागणी होते. इथे मुलाला आजी आणो, सावत्र वडील आणोत की एकटी आई, सगळ्यांचे हात एकाच डिंकाने बरबटतात.

खरं काम होतं जेवणाच्या टेबलावर. ताटं हातात घेऊन रांग लावली की जो तो आपल्या माणसांत जाऊन बसतो आणि एकटा पालक कोपऱ्यात उरतो. म्हणून भांडी टेबलावरच ठेवावीत. एका टेबलाला 8 जण: 2 घरं, एकटं राहणारं एखादं वडीलधारं माणूस आणि मंडळीतला एक कार्यकर्ता. भांडं पुढे सरकवताना बोलणं आपोआप सुरू होतं.

बिघडतं कुठे? सगळ्या कृती चार वर्षांच्या मुलाच्या बेताच्या ठेवल्या की मोठी माणसं मोबाइल काढून भिंतीला टेकतात. हातोडी-खिळे किंवा मातीकाम असं मोठ्यांनाही गुंतवणारं एक तरी टेबल हवंच. सहाच कार्यकर्ते असतील तर दहा टेबलं मांडू नयेत, चार पुरेत. नाहीतर स्वयंपाकाला माणूस उरत नाही.

सर्वांत मोठी चूक तारखेची, आणि ती सहसा कुणाच्या लक्षातच येत नाही. विभक्त आई-वडिलांकडे मूल एकाआड एक शनिवार-रविवार राहत असेल आणि कार्यक्रम 'दुसऱ्या शनिवारी' असेल, तर दोन कार्यक्रमांत कधी 28, कधी 35 दिवस जातात. 28 दिवसांनी पाळी त्याच पालकाची येते, 35 दिवसांनी बदलते. मूल दोन-तीन महिने सलग येतं आणि मग तितकेच महिने दिसत नाही. मंडळी समजते, घराचा उत्साह संपला. कार्यक्रम दर तीन आठवड्यांनी ठेवला तर एकाआड एक तरी हमखास मिळतो. ते झेपत नसेल तर शाळेच्या एखाद्या वारी, शाळा सुटल्यानंतरची वेळ घ्यावी.

नोंदणीच्या फॉर्मवरची 'आईचे नाव, वडिलांचे नाव' ही जोडी काढावी. 'सोबत कोण आलं' आणि 'घरी न्यायला कोणाला परवानगी' या दोन ओळी पुरतात. दुसऱ्या घरच्या पत्त्यालाही जागा ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळचं निमंत्रण दोन्हीकडे जातं.