सी भाषेमध्ये ग्लोबल स्ट्रक्चर: एक्स्टर्न की स्टॅटिक?
हेडरमध्ये एक्स्टर्न (व्हेरिएबल दुसऱ्या फाइलमध्ये आहे असं सांगणारा शब्द) टाकून कॉन्फिगचं स्ट्रक्चर सगळ्यांना उघडं ठेवलं की लिहायला सोपं जातं, पण मग व्हॅल्यू नक्की कुठल्या फाइलने बदलली हे शोधत अख्खा प्रोजेक्ट ग्रेप करत (नाव सर्च करत) बसावं लागतं. त्यापेक्षा ते एकाच सोर्स फाइलमध्ये स्टॅटिक ठेवा आणि गेटर-सेटर (व्हॅल्यू वाचणारी आणि बदलणारी फंक्शन्स) द्या, म्हणजे नाव त्या फाइलबाहेर दिसतच नाही, रेंज चेक, म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं लॉक) सगळं एकाच जागी, ब्रेकपॉइंटपण (डीबगरमध्ये प्रोग्राम थांबवायची खूण) सेटरवर एकच लावला की झालं. फक्त गेटरमधून आतला पॉइंटर देऊ नका हं, कॉपी द्या, नाहीतर लॉक सोडल्यावरही बाहेरून कोणीही त्यात लिहू शकतं. स्पीडचं टेन्शन असेल तर लिंक टाइम ऑप्टिमायझेशन (फाइल्स जोडताना सगळा कोड एकत्र बघून वेगवान करणं) चालू करा, छोटे गेटर बहुतेकदा इनलाइन होतात, म्हणजे कॉलच्या जागी थेट त्यांचा कोड येतो. कधीच न बदलणारं कॉन्स्ट टेबल असेल तर मात्र एक्स्टर्न बिनधास्त वापरा.