जॅझच्या रेकॉर्डी : जपानी सेकंडहँड घ्यावी की नवं रीइश्यू?

वणी-पुसदकडे राहणाऱ्या माणसाला रेकॉर्ड हातात घेऊन, बल्बखाली तिरपी धरून, ओरखडे पाहून विकत घ्यायची सोय नाही. आपली सगळी खरेदी फोटो पाहून आणि विकणाऱ्याच्या शब्दावर. म्हणून आपल्याकडच्या माणसानं आधी विचारावं ते हे, की न पाहता घेतलेली कोणती रेकॉर्ड दगा देणार नाही?

माझं मत आधीच सांगून टाकतो. माइल्स डेव्हिस, कोल्ट्रेन, बिल इव्हान्स असं अमेरिकन जॅझ हवं असेल तर सेकंडहँड जपानी प्रेसिंग, म्हणजे जपानमध्ये छापलेली जुनी प्रत घ्या. जपानी वादकांचं जॅझ हवं असेल तर मात्र नवं रीइश्यू, म्हणजे जुन्या रेकॉर्डची नव्यानं काढलेली आवृत्ती घ्या. उलटं वाटेल, पण हिशेब तसाच बसतो.

अमेरिकन कंपन्यांचं जॅझ जपानमध्ये परवान्यावर मोठ्या प्रमाणात छापलं गेलं. ब्लू नोट या अमेरिकन जॅझ कंपनीच्या रेकॉर्डी १९७७ ते १९८३ या काळात तिथल्या किंग रेकॉर्ड्सनं काढल्या, कोलंबिया या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचं संगीत सीबीएस-सोनीकडून यायचं. प्लास्टिक उत्तम, छपाई काटेकोर, आणि घेणाऱ्यांनी त्या जपल्याही तशाच. त्यामुळे चाळीस-पन्नास वर्षांची रेकॉर्डसुद्धा सुई टेकवल्यावर शांत असते. संथ जॅझमध्ये या शांततेची किंमत कळते. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’मधला ‘सो व्हॉट’ सुरू होतो तो फक्त पियानो आणि बेसच्या हलक्या, ताल न धरलेल्या बोलण्यानं. तिथे खरखर असली तर ती तिसऱ्या वादकासारखी मध्ये बसते.

एक उणीव आहे. जपानला बहुतेक वेळा मूळ मास्टर टेप जात नसे, तिची नक्कल जायची. म्हणून काही जपानी प्रेसिंगमध्ये वरचे सूर थोडे उजळ आणि बेस जरा हडकुळा वाटतो. ब्लू नोटची २०१९ पासून येणारी ‘टोन पोएट’ मालिका थेट मूळ टेपवरून, मध्ये डिजिटल टप्पा न घालता बनवलेली आहे. आवाजाच्या भरीवपणात ती बहुतेक जपानी प्रतींच्या पुढे जाते, हे मान्य केलंच पाहिजे. पण एका टोन पोएटच्या पैशांत दोन जपानी जुन्या रेकॉर्डी येतात, आणि सुरुवात करणाऱ्यानं आधी भरपूर ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

‘काइंड ऑफ ब्लू’ मात्र नवीनच घ्या. १९५९ साली पहिल्या बाजूची गाणी ध्वनिमुद्रित करताना टेप मशीन किंचित हळू चालत होतं. त्यामुळे रेकॉर्डवर ती बाजू वेगात आणि चढ्या सुरात वाजते. ही चूक १९९० च्या दशकात सुधारली गेली, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या जपानी प्रतीत ती तशीच आहे. घरी हार्मोनियम असेल तर ‘सो व्हॉट’ला सूर लावून पाहा. पांढरी दोनला बसायला हवा तो सूर जुन्या प्रतीत पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतो. भजनी मंडळात पेटी धरलेल्या माणसाच्या कानाला हे लगेच खटकतं.

आता जपानी वादकांकडे वळू. इथे जुन्या मूळ प्रतींचे भाव जगभरच्या संग्राहकांनी चढवून ठेवलेत. ‘थ्री ब्लाइंड माइस’ ही १९७० साली सुरू झालेली टोकियोची छोटी कंपनी, आणि त्सुयोशी यामामोतो त्रिकूटाची १९७४ची ‘मिस्टी’ ही तिची गाजलेली रेकॉर्ड. त्यात पियानोच्या वरच्या पट्टीतले सूर असे ठणकावून येतात की काच वाजल्यासारखं होतं, आणि लगेच मागे नुसती हवा उरते. दुसरं नाव र्‍यो फुकुई. होक्काइदोचा हा माणूस बाविसाव्या वर्षी पियानोला बसला, बराचसा स्वतःच शिकला, आणि १९७६ साली ‘सीनरी’ काढली. ती रेकॉर्ड बाहेरच्या जगाला खऱ्या अर्थानं कळली ती चाळीसेक वर्षांनी, इंटरनेटवरून. २०१८ साली एका स्विस कंपनीनं ती पुन्हा काढली. या दोन रेकॉर्डींच्या मूळ प्रतींसाठी गावातल्या माणसानं महिन्याचा पगार घालवू नये. रीइश्यू चांगली आहेत, संगीत तेच आहे.

भारतात छापलेल्या जुन्या रेकॉर्डी हा तिसरा रस्ता. कोलकात्याजवळच्या डमडमच्या एचएमव्ही कारखान्यातल्या प्रती मुंबई-नागपूरच्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात, पण बहुतेक जाड सुईनं उगाळलेल्या असतात. तिथे शोधावी ती एकच चीज, शंकर-जयकिशन यांची १९६८ची ‘रागा-जॅझ स्टाइल’, सतारीवर रईस खान. तोडी-भैरव ओळखीचे असलेल्या कानाला जॅझमध्ये शिरायला यापेक्षा सोपी वाट नाही. ती मिळाली तर थोडी खरखर सोसा. सीडी आणि मोबाइलवरचं संगीत नमुना चाखायला छान. रेकॉर्ड घेण्याआधी तिथे ऐकाच, म्हणजे पैसे वाया जात नाहीत.

पैशांचं गणित असं. नवं रीइश्यू भारतात साधारण अडीच ते साडेचार हजारांना पडतं आणि देशातल्या देशात येतं, कस्टमची भानगड नाही. जपानमधल्या नेहमीच्या जुन्या रेकॉर्डी हजार ते दोन हजारांच्या दरम्यान असतात, पण वर टपालखर्च, ड्युटी आणि कर. एकटी रेकॉर्ड मागवली तर टपालच तिच्या किमतीशी स्पर्धा करतं. चार-पाच एकत्र मागवल्या की रेकॉर्डमागचा खर्च उतरतो, म्हणून दोन-तीन मित्रांनी मिळून पार्सल मागवावं. जपानी विक्रेते जॅकेटची आणि तबकडीची अवस्था वेगवेगळी लिहितात आणि सहसा हात राखूनच लिहितात. जॅकेटच्या कडेची कागदी पट्टी, जिला ओबी म्हणतात, नसेल तर भाव बराच उतरतो. ऐकणाऱ्यासाठी ती नसलेलीच बरी.

जपानी जुनं टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं मशीनही स्वस्त दिसेल. तिथे सावध राहा. जपानची वीज १०० व्होल्ट, आपली २३०, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आलाच. शिवाय टोकियोकडे वीज ५० हर्ट्झची, ओसाकाकडे ६०ची. साध्या बेल्टवाल्या मशीनचा वेग या हर्ट्झवरच ठरतो, म्हणून ओसाकाकडचं असं मशीन आपल्या ५० हर्ट्झवर चालवलं तर ३३⅓ ऐवजी मिनिटाला जेमतेम २८ फेरे घेतं. क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्हला, म्हणजे बेल्टशिवाय मोटरच थेट तबकडी फिरवते आणि क्वार्ट्झ वेग सांभाळतो अशा मशीनला, ही अडचण नाही. माझ्या मते मशीन इथलंच नवीन घ्यावं, लंबवर्तुळाकार सुईचं आणि सुईचा सुमारे दोन ग्रॅमच भार टाकणारं. पेटीसारखी बंद होणारी स्वस्त मशीनं रेकॉर्डवर चार-पाच ग्रॅम भार टाकतात, त्यांवर चांगली जपानी प्रत वाजवू नका.

आणि आपलं हवामान. नवतपात टिनाखालच्या खोलीत भिंतीला टेकून तिरप्या ठेवलेल्या रेकॉर्डी वाकतात, बंद गाडीत तर एका दुपारीच. कवेलूच्या किंवा स्लॅबच्या घरात आतल्या भिंतीशी, अगदी उभ्या, दाटीनं पण न दाबता ठेवा. कूलर असलेल्या खोलीत स्थिर वीज कमी होते, म्हणून ऐकायला ती चांगली, साठवायला नाही, कारण त्या ओलीनं आणि पुढे पावसाळ्यानं जॅकेटला बुरशी धरते. वेचणीच्या दिवसांत पऱ्हाटीची धूळ आणि कापसाचे बारीक तंतू सुईभोवती गुंडाळतात, दर बाजूनंतर ब्रश मारा. धुण्यासाठी इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड पाणी दुकानात सहज मिळतं. बोअरचं पाणी वापरू नका, त्यातला क्षार खाचेत बसतो.

पहिलं पार्सल ऑक्टोबर ते फेब्रुवारीत येईल असं मागवा. त्यात बिल इव्हान्सची एखादी, ब्लू नोटच्या किंगवाल्या दोन आणि जॅकेट फाटलेली पण तबकडी चोख असलेली एखादी स्वस्त रेकॉर्ड असू द्या. ‘मिस्टी’ आणि ‘सीनरी’ वेगळी, इथल्याच विक्रेत्याकडून. मे महिन्यात मागवायची वेळ आलीच तर पार्सल पोस्टातच ठेवून घ्यायला सांगा आणि पोस्ट उघडताच, ऊन चढायच्या आत, स्वतः जाऊन घेऊन या.