राळेच्या ठोकळ्यातील स्कॅरेबिअस भुंगेरा: अभ्यासासाठी कितपत उपयुक्त?

पारदर्शक राळेच्या ठोकळ्यात बसवलेला स्कॅरेबिअस प्रजातीतील, म्हणजे जवळच्या जातींच्या एका गटातील, भुंगेऱ्याचा हा नमुना शरीररचना शिकू पाहणाऱ्यांना मी आनंदाने सुचवेन. वरची बाजू अत्यंत स्वच्छ दिसते. फावड्यासारख्या सपाट डोक्याच्या पुढच्या कडेवरील दाते, जे दोन्ही बाजूंच्या गालांच्या टोकांसह एकूण 6 भरतात, साध्या भिंगातूनही मोजता येतात, आणि टणक पुढच्या पंखांखाली उडण्याचे पातळ पंख कसे झाकले जातात याचा अंदाज येतो.

सर्वांत मोलाचे म्हणजे पुढचे पाय शाबूत आहेत. या प्रजातीत पुढच्या पायांना पाऊल, म्हणजे टार्सस, मुळातच नसते. त्यामुळे दातेरी नडगीपाशी संपलेला पाय पाहून नमुना तुटका आला असे समजून तो परत पाठवू नये.

खालची बाजू मात्र निराश करते. तोंडाजवळ हवेचा बुडबुडा अडकला आहे, आणि शृंगिकेच्या, म्हणजे डोक्यावरील मिशीसारख्या अवयवाच्या, टोकाची पानांसारखी पटले मिटलेली असल्याने स्कॅरेबिडी कुलाची ही ठळक खूण नीट दिसत नाही. चिठ्ठीवर फक्त ‘शेणकिडा’ लिहिणे तर अगदीच अपुरे आहे. ढालपंखी गण, स्कॅरेबिडी कुल, स्कॅरेबिनी उपकुल आणि स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने 1758 मध्ये नाव दिलेली स्कॅरेबिअस प्रजाती एवढा तपशील छापायलाच हवा होता. जातीची निश्चिती करायची असेल, तर टाचणीवर लावलेला, सर्व बाजूंनी फिरवून पाहता येणारा नमुनाच घ्यावा.