मॅराडोनाची मालिका आणि त्यातला कोप्पोला

1986 चा अर्जेंटिना–इंग्लंड सामना आम्ही मंगळवार पेठेत शेजारच्या काकांकडे ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर बघितला. रात्री साडेअकराला सुरू झाला. मी अकरा वर्षांचा. इंग्लंड पांढऱ्या जर्सीत, अर्जेंटिना गडद निळ्या, म्हणून कोण कुठला एवढं तरी त्या टीव्हीवर कळत होतं. मॅराडोनानं अर्ध्या मैदानातून चेंडू नेऊन तो दुसरा गोल मारला तेव्हा वडील उठून उभे राहिले, ते शिट्टी वाजेपर्यंत बसलेच नाहीत. कोल्हापुरात वर्ल्ड कप आला की गल्लोगल्ली अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, त्याची सुरुवात आमच्या घरी त्या रात्री झाली.

म्हणून ॲमेझॉन प्राइमवरची ‘मॅराडोना: ब्लेस्ड ड्रीम’ मी नुसती मालिका म्हणून बघूच शकत नव्हतो. दहा भाग आहेत. 29 ऑक्टोबर 2021 ला ती आली. दिएगो मॅराडोना असता तर दुसऱ्या दिवशी 61 वर्षांचा झाला असता.

सुरुवात होते 2000 सालापासून. उरुग्वेतल्या पुंता देल एस्तेमध्ये दिएगो मरणाच्या दारात आहे आणि तिथून गोष्ट मागं जाते, तो लहानाचा मोठा झाला त्या विया फियोरितो वस्तीच्या चिखलात. मोठा दिएगो तिघांनी केलाय: तरुणपणीचा निकोलास गोल्डश्मिट, ऐन भरातला नासारेनो कासेरो आणि 2000 सालचा, सुजलेला, थकलेला हुआन पालोमिनो. माझ्या मते गोल्डश्मिट सगळ्यात सरस. पंधरा-सोळाव्या वर्षीच घरादाराचा भार अंगावर आलेल्या पोराचा ताण त्याच्या खांद्यांत दिसतो. दिएगोनं स्वतः सांगून ठेवलंय की घरात अन्न पुरेसं नसलं की आई तोताचं पोट दुखायचं, आणि ते खोटं होतं हे त्याला फार उशिरा उमगलं. माझी आई ‘मला आज भूक नाही’ म्हणायची. फियोरितोचे प्रसंग बघताना मला तेच आठवत राहिलं.

पुन्हा पुन्हा 2000 सालच्या हॉस्पिटलात नेणं मात्र मला खटकलं. गोष्ट रंगात आली की तोडतात.

मला खरं बोलायचंय ते दोन मॅनेजरांबद्दल. पहिला होर्हे सितेर्श्पिलेर, दिएगोचा लहानपणापासूनचा मित्र, पोलिओमुळं लंगडणारा, विशीच्या आसपासच त्याचा सगळा व्यवहार बघायला लागलेला. पीटर लानसानीनं तो फार जीव लावून केलाय. 1985 मध्ये तो दिएगोपासून दूर झाला आणि त्याच्या जागी गियेर्मो कोप्पोला आला, म्हणजे पडद्यावर लिओनार्दो स्बारालिया. त्यामुळं स्बारालियाच्या वाट्याला जागा थोडी. पण ती थोडी जागा बघण्यासाठी मी मालिका दुसऱ्यांदा लावली.

हा माणूस काय ताकदीचा आहे ते माहीत असेल तर मजा वेगळी येते. 1970 चा जन्म, ब्वेनोस आयरेसचा. सोळाव्या वर्षी ‘ला नोचे दे लोस लापिसेस’मध्ये पडद्यावर आला. पुढं स्पेनला गेला आणि ‘इंताक्तो’साठी (2001) त्याला नवोदित अभिनेत्याचा गोया, म्हणजे स्पेनचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला. घरी पंधरा वर्षं काम केलेला माणूस परक्या देशात पहिलीपासून सुरुवात करतो, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. नंतर ‘रेड लाइट्स’मध्ये (2012) रॉबर्ट डी निरोबरोबर इंग्रजी सिनेमात काम केलं. ‘रेलातोस साल्वाहेस’मध्ये (2014) हायवेवर ऑडीतून जाताना एका खटारा गाडीवाल्याला शिवी हासडतो तोही हाच. पुढं टायर पंक्चर होतो, आणि मग जे होतं ते सांगत नाही. स्पॅनिश दिग्दर्शक अल्मोदोवारच्या ‘दोलोर इ ग्लोरिया’मध्ये (2019) तो फेदेरिको आहे. कितीतरी वर्षांनी जुन्या जिवलगाला, म्हणजे अंतोनियो बांदेरासला, रात्री त्याच्या माद्रिदच्या घरी भेटायला येतो. दोघं नुसते बसून बोलतात आणि आपल्या घशात आवंढा येतो.

हाच माणूस कोप्पोला होतो तेव्हा दिएगोला झाकत नाही. आधी बँकेत नोकरी केलेला, चांगल्या कपड्यांचा, गोड बोलणारा कोप्पोला, आणि नजर सतत दारात कोण येतंय त्याच्यावर. सितेर्श्पिलेर दिएगोकडे मित्रासारखा बघायचा, हा सांभाळायला दिलेल्या ठेवीकडं बघावं तसा बघतो. तरी त्यात माया आहे, लबाडी नाही. नट मोठा असून छोट्या भूमिकेत एवढा मागं राहतो, याचा मला मनापासून आदर वाटतो.

एकच सांगणं: डब केलेली बघू नका. मूळ स्पॅनिशच लावा. ब्वेनोस आयरेसची माणसं ‘यो’ला ‘शो’ म्हणतात, आणि फियोरितोची पोरं ओरडायला लागली की तो ‘श’ सगळीकडून ऐकू येतो. बार्सिलोनाचे प्रसंग आले की बोली बदलते आणि दिएगो तिथं परका आहे हे कानालाच कळतं.

वडील आता ऐंशीच्या घरात आहेत, सबटायटल वाचवत नाही. पहिले पाच भाग त्यांनी माझ्या शेजारी बसून पाहिले, मी अधूनमधून अर्थ सांगत होतो. पाचव्या भागात म्हणाले, “सांगू नकोस, कळतंय मला.” सहावा रविवारी लावायचा आहे.