१३७ किलोहर्ट्झसाठी क्लास डी की क्लास ई?

मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या नागपुरात १३७ किलोहर्ट्झच्या हौशी रेडिओ ट्रान्समीटरच्या पॉवर अॅम्प्लिफायरची (सिग्नलची शक्ती वाढवणाऱ्या टप्प्याची) कार्यक्षमता ही चैनीची बाब राहत नाही, कारण वाया गेलेला प्रत्येक वॅट आधीच तापलेल्या हीटसिंकवर येऊन पडतो. पारंपरिक क्लास बी अॅम्प्लिफायर सैद्धांतिकदृष्ट्याही ७८.५ टक्के कार्यक्षमतेवर अडतो, त्यामुळे निवड ट्रान्झिस्टर स्विचसारखा चालू-बंद करणाऱ्या दोन पद्धतींतच, म्हणजे क्लास डी आणि क्लास ई मध्ये, उरते.

सोकल पितापुत्रांनी १९७५ मध्ये मांडलेल्या क्लास ई मध्ये एकच मॉसफेट (स्विचसारखा वापरला जाणारा ट्रान्झिस्टर) पुरतो आणि त्यावरील व्होल्टेज शून्यावर आल्यावरच तो चालू होत असल्याने स्विचिंगची हानी अत्यल्प राहते. मात्र शिखर-व्होल्टेज पुरवठ्याच्या सुमारे ३.५६ पट चढते आणि हे गणित भार, म्हणजे अँटेना, ठरल्याप्रमाणे राहिला तरच जुळते. सुमारे २,२०० मीटर तरंगलांबीपुढे घरच्या गच्चीवरील अँटेना तोकडीच असते, तोकडेपणा भरून काढणाऱ्या मोठ्या लोडिंग कॉइलवर चालते आणि पावसाच्या पहिल्या सरींनीही तिचे ट्यूनिंग ढळू शकते.

क्लास डी च्या हाफ-ब्रिजला (एकावर एक जोडलेल्या दोन स्विचांच्या रचनेला) दोन मॉसफेट, वरच्यासाठी वेगळी ड्राइव्ह आणि दोन्ही एकाच वेळी चालू होऊ नयेत म्हणून डेड-टाइम (दोन्ही बंद राहण्याचा अल्प काळ) लागतो, पण मॉसफेटवरील व्होल्टेज पुरवठ्याच्या फारसे पुढे जात नाही. या वारंवारितेवर स्विचिंगची हानी मुळातच थोडी असल्याने मी येथे निःसंशय क्लास डी निवडेन. वरच्या वारंवारितांचे अनिष्ट घटक गाळणारा लो-पास फिल्टर दोन्हींना अनिवार्य आहे. ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झच्या अधिक वारंवारितेच्या हौशी पट्ट्यात मात्र, अँटेनाचे ट्यूनिंग स्थिर ठेवता येत असेल तर, क्लास ई चे पारडे जड होऊ लागते.