तैलरंगातलं व्यक्तिचित्र: रेखांकन थेट कॅनव्हासवर की आधी कागदावर?

पहिली रेघ ओढण्याआधी मी एकच प्रश्न विचारते: समोरचं माणूस आपल्यासाठी किती वेळ बसणार आहे? मुंबईत याचं उत्तर बहुतेकदा 'एक रविवार' असं असतं. डोंबिवलीहून लोकलने दादरला यायचं, दोनेक तास बसायचं आणि अंधार पडायच्या आत घर गाठायचं. रेखांकन कोळशाने करायचं, ब्रशने की कागदावर, हे माझ्या मते या वेळेवरच ठरवावं.

कोळशाने थेट कॅनव्हासवर काढणं सर्वात मोकळं. फडकं फिरवलं की चूक पुसली जाते, त्यामुळे डोकं कॅनव्हासवर कुठे बसवायचं, खांदे किती घ्यायचे, हे बिनधास्त शोधता येतं. काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीबाहेरच्या फुटपाथवर समोर बसवून चेहरे काढणारे चित्रकार असतात. नवशिक्यांनी तिथे अर्धा तास उभं राहून त्यांचा हात बघावा. पण तैलरंगाखाली कोळशाची पूड त्रास देते. यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि पांढरा मिसळून केलेल्या त्वचेच्या रंगात ती शिरली की गाल हिरवट, मळके दिसतात. म्हणून रेखांकन झालं की फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा जागच्या जागी धरून ठेवणारा द्रव, फवारा, किंवा महत्त्वाच्या रेघा अंबर या तपकिरी रंगाने, पातळ करून, पक्क्या करा आणि वाळल्यावर उरलेली पूड झटकून टाका.

ब्रशने, टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या अंबरने काढण्यात वेगळीच मजा आहे. इथे पहिल्या मिनिटापासून रेघेऐवजी छायेचे आकार दिसू लागतात आणि उजेडाच्या जागा फडक्याने पुसून काढता येतात. अंबरमध्ये मँगनीज असल्यामुळे तो लवकर वाळतो, आणि पातळ थर खाली, तेलकट थर वर, हा तैलरंगाचा नियमही आपोआप पाळला जातो. मात्र हात तयार हवा आणि समोरचं माणूस चार-पाच वेळा तरी यायला हवं. शिवाय एका खोलीच्या घरात, पावसाळ्यात खिडक्या बंद असताना, टर्पेंटाइनचा वास सगळ्यांना सोसावा लागतो. घरात लहान मूल असेल तर मी ही पद्धत सुचवणार नाही.

माझा स्वतःचा कौल कागदाला आहे. काही वर्षांपूर्वी गिरगावात आमच्या शेजारच्या आजींचं चित्र करायला घेतलं. वय ऐंशीच्या पुढे, वीस मिनिटांवर बसवत नसे. मी थेट कॅनव्हासवर कोळसा चालवला. नाक खाली गेलं म्हणून पुसलं, मग डोळे सरकले म्हणून पुन्हा पुसलं. तासाभरात जेसो, म्हणजे कॅनव्हासवरचा पांढरा अस्तराचा थर, राखाडी झाला, आजी थकल्या आणि सुरुवातीला चेहऱ्यावर होतं ते हसू मावळलं. पुढच्या खेपेला साधे कार्ट्रिज पेपर (चित्रकलेचे जाडसर कागद) घेऊन बसले. वीस-वीस मिनिटांच्या तीन बैठकांमध्ये तीन कागद झाले. त्यातल्या दुसऱ्यात आजी होत्या. नऊवारीचा रंग आणि खिडकीचा उजेड कुठून येतो, हे कडेला लिहून ठेवलं होतं. रंगकाम पुढे महिनाभर चाललं, पण त्यांना पुन्हा बसवावं लागलं नाही.

ही युक्ती जुनीच आहे. सोळाव्या शतकात हान्स होल्बाइन या जर्मन चित्रकाराने इंग्लंडच्या दरबारातल्या लोकांची कागदावर खडूने रेखांकनं केली. त्यातली ऐंशीच्या आसपास आजही तिथल्या राजघराण्याच्या संग्रहात आहेत, आणि काहींवर कपड्यांच्या रंगांच्या नोंदी त्याने लिहिलेल्या दिसतात. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या भित्तिचित्रासाठी त्याने केलेल्या पूर्ण आकाराच्या कागदी खाक्याचा एक भाग लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. रेघांवर सुईने भोकं पाडून, त्यातून पूड झिरपवून तो भिंतीवर उतरवला होता. ते भित्तिचित्र १६९८च्या आगीत गेलं, कागद राहिला.

आपल्याला भोकं पाडायची गरज नाही. रेखांकन ट्रेसिंग पेपरवर घ्या, त्याच्या पाठीला कोळसा चोळा आणि कागद फक्त वरच्या कडेला चिकटवा, म्हणजे मधेच उचलून बघता येतं. ताणलेल्या कॅनव्हासला पोचा पडू नये म्हणून मागे पुठ्ठा किंवा पुस्तकं लावा. टायपिंगचा कार्बन वापरू नका. तो तेलकट असतो आणि पुसला जात नाही. या पद्धतीचा दोष एकच, पण मोठा: गिरवलेली रेघ मेलेली असते आणि आपण तिच्या आत रंग भरत बसतो. म्हणून मी सगळं उतरवत नाही. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांचा तळ, ओठांची मधली रेघ, हनुवटी आणि छायेची कड, एवढंच घेते. बाकीचं कागद शेजारी ठेवून ब्रशने पुन्हा काढते.

पेन्सिल वापरलीत तर हलकी. तैलरंग वयाप्रमाणे पारदर्शक होत जातो. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात स्पॅनिश चित्रकार व्हेलास्केझने काढलेल्या, घोड्यावर बसलेल्या चौथ्या फिलिप राजाच्या चित्रात रंगाखाली झाकलेले घोड्याचे आधीचे पाय आता दिसतात. मार्कर आणि बॉलपेन तर टाळाच, त्यांची शाई वरच्या थरात उतरते.

राहिला फोटो. वडील गेले, हातात फक्त पासपोर्ट आकाराचा फोटो आहे, असं काम इथे हमखास येतं. त्यातला चेहरा साधारण ३ सेंटिमीटरचा आणि चित्रातला २१ सेंटिमीटरचा, म्हणजे सातपट. फोटोवर आणि कॅनव्हासवर चौकोन आखून चेहरा मोठा करतात; फोटोवर चौकोन आखताना अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर कॅनव्हासवर ती साडेतीन मिलिमीटरची होते, आणि ओठाच्या कोपऱ्याला तेवढी सरक माणूस बदलून टाकते. आधी फोटो ए-४ आकारात छापून घ्या आणि चौकोन त्यावर आखा. प्रोजेक्टरने वेळ वाचतो, पण अंधाऱ्या खोलीत फोटोतल्या सावल्या आणि हाडांची ठेवण यातला फरक कळत नाही, म्हणून मी तो फक्त डोक्याची जागा ठरवायला वापरते. फोटोवरूनही पूर्ण रेखांकन कागदावरच करा आणि रंगाची ट्यूब उघडण्याआधी घरच्यांना दाखवा. "बाबांची डावी भुवई जरा वर असायची" असं त्यांच्यातलं कुणीतरी म्हणतंच, आणि कागदावर ती वर न्यायला दहा मिनिटं पुरतात.