अमृत फ्यूजन: एक खंबा, सात महिने आणि मधला श्रावण

सात महिन्यांत व्हिस्कीचा एक खंबा, म्हणजे 750 मिलीची बाटली. हे सांगितलं की ऑफिसातले हसतात, पण आमच्या घरचा वापर एवढाच आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. महिन्यातून दोन शनिवार, मी 30 मिली, नवरा 30 मिली. ज्यांची बाटली एका बैठकीत आडवी होते त्यांना या लिखाणाचा फारसा उपयोग नाही. त्यांनी कुठलीही घ्यावी, तिला बदलायला वेळच मिळत नाही. आमच्यासारख्यांकडे ती उघडलेली, कपाटात, मुंबईच्या हवेत महिनोन् महिने राहते आणि एप्रिलमधली बाटली ऑक्टोबरपर्यंत वेगळीच होऊन बसते. घरासाठी व्हिस्की निवडायची तर पहिल्या घोटाइतकाच शेवटचाही बघायला हवा, हे मला दुकानात कुणी सांगितलं नव्हतं.

दुकानात तसं कुणी काहीच सांगत नाही. मी बँकेत आहे. 2025चा मार्चअखेर आटोपला आणि त्या शनिवारी आम्ही दादरला गेलो. काउंटरवर मी विचारलं, "सिंगल माल्टमध्ये काय काय आहे?" उत्तर नवऱ्याला मिळालं, "साहेब, मॅडमसाठी रेड वाइन दाखवू?" नवरा म्हणाला, "त्यांनाच विचारा, मी पिशवी धरायला आलोय." खरं तर दोघांत दारूचं चालू परमिट माझ्याचकडे आहे, 1000 रुपये भरून काढलेलं कायमचं. त्याचं 100 रुपयांचं वर्षाचं परमिट कधीच संपलंय.

त्या माणसाने दर्शनी फळीवरची अमृत फ्यूजनची बाटली काढून दिली. दुपारचं ऊन थेट तिच्यावर येत होतं. मी ती परत केली आणि आतली, खोक्यात असलेली मागितली. त्याने तोंड वाकडं केलं, पण दिली. उन्हाने व्हिस्कीचा रंग आणि चव दोन्ही उतरतात, आणि ती बाटली त्या फळीवर कधीपासून उभी होती कोण जाणे. आमच्या नेहमीच्या ब्रँडचे तीन खंबे आले असते एवढं बिल झालं. रिक्षात नवरा गप्प होता.

आता बाटलीबद्दल. अमृत ही बंगळुरूची कंपनी, 1948 सालची. त्यांची सिंगल माल्ट 2004मध्ये आधी ग्लासगोत विकायला ठेवली, आपल्याकडे नंतर आली. फ्यूजन 2009ची. 2010मध्ये जिम मरे या ब्रिटिश समीक्षकाने तिला जगात तिसरा क्रमांक दिला आणि मग आपल्याकडेही तिचं नाव झालं. नावातलं फ्यूजन धान्याचं आहे. साधारण तीन भाग भारतीय बार्ली आणि एक भाग स्कॉटलंडहून आणलेली, पीटच्या धुरावर सुकवलेली बार्ली. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबून काळी झालेली झाडंझुडपं. तिकडे ती विटांसारखी कापून, वाळवून जाळतात.

सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कीत मुख्य माल मळीचा किंवा धान्याचा साधा स्पिरिट असतो आणि माल्ट चवीपुरता. सोडा घालून पिणाऱ्याला त्याने काही बिघडत नाही. आम्हीही वर्षानुवर्षं तेच प्यायलो. पण सोडा काढून टाकला की फरक लगेच कळतो.

लेबलवर वय नाही. मला आधी हे खटकलं होतं. 12 वर्षं, 18 वर्षं असे आकडे बघायची सवय. मग कारण समजलं आणि बँकेतल्या माणसाला ते पटायला वेळ लागला नाही. पिंपात ठेवलेली व्हिस्की दर वर्षी थोडी उडून जाते, त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडमध्ये हा वाटा साधारण 2 टक्के, बंगळुरूत 10 ते 12. म्हणजे उलटं चक्रवाढ व्याज. 10 टक्क्यांनी धरलं तरी 5 वर्षांत पिंपात 59 टक्केच उरते. 12 वर्षं थांबलं तर मुद्दल जेमतेम 28 टक्के. पण त्याच उष्णतेने लाकूडही भराभर मुरतं. तेव्हा वयाचा आकडा बघून भारतीय माल्ट नाकारू नका, स्कॉचचं कॅलेंडर इथे चालत नाही.

बघायचा आकडा दुसराच आहे, अल्कोहोलचा. फ्यूजन 50 टक्के आहे. आपल्या नेहमीच्या बाटल्या 42.8च्या असतात. माझ्या मते घरात हळूहळू संपणाऱ्या बाटलीसाठी हा 50 फार उपयोगाचा, कारण पाणी किती घालायचं ते आपल्या हातात राहतं. पण पहिल्या शनिवारी मी पाणी न घालताच घेतली आणि नाकात झिणझिण्या आल्या. सगळं तिखट. धूर कुठे आहे, फळं कुठे आहेत, काही नाही. नवरा म्हणाला, "तीन खंबे." तेवढंच.

दुसऱ्या खेपेला चमच्याने पाणी घातलं. 30 मिलीला एक चहाचा चमचा, फिल्टरचं, फ्रिजमधलं नाही. आणि पाच मिनिटं थांबले. तेव्हा ग्लासातून जो वास आला तो मला ओळखीचा होता: भाजणी. थालीपिठाची भाजणी दळून आणल्यावर डबा उघडला की येतो तो. मागे गुळाच्या पाकासारखं काहीतरी, संत्र्याची साल, आणि गिळल्यावर धूर. औषधासारखा नाही, चूल विझवल्यावर उरतो तसा. लोकांनी कस्टर्ड, चॉकलेट, कॉफी असं बरंच लिहिलंय. मला चॉकलेट कधीकधी लागलं, कस्टर्ड एकदाही नाही.

मे महिन्याने मात्र सतावलं. पुस्तकी सल्ला असा की व्हिस्की खोलीच्या तापमानाला प्यावी. कुणाच्या खोलीच्या? एडिंबरातल्या खोलीत लोक स्वेटर घालून बसतात. माहीमला मे महिन्यात रात्री नऊलाही भिंती तापलेल्या असतात आणि 50 टक्क्यांची व्हिस्की ग्लासात ओतताच नुसती वाफ नाकात जाते. बर्फ घातला तर वास मरतो. शेवटी रिकामा ग्लास दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायचा, बाटली नाही, असं केलं आणि जमलं. ग्लासबद्दल थोडं: तोंडाशी निमुळता, ट्यूलिपसारखा असेल तर बरा. रुंद तोंडाच्या ग्लासात वास सगळा पंख्याला जातो.

बर्फावरून आठवलं. जूनमध्ये नवऱ्याचा नाशिकचा आतेभाऊ आला. त्याने न विचारता चार खडे टाकले आणि ग्लास किंचित धुरकट झाला. "वहिनी, माल खराब आहे." माल खराब नव्हता. बऱ्याच व्हिस्की बाटलीत भरण्याआधी थंड करून गाळतात, म्हणजे ती पुढे कधी गढूळ दिसू नये. ही तशी गाळलेली नाही, त्यामुळे तिच्यातले तेलकट अंश गारठले की दिसतात. त्या तेलकटपणानेच तर ती जिभेवर जाड लागते. त्याला हे सांगेपर्यंत त्याने वर कोक ओतला होता. हिशेबासाठी सांगते: 750 मिलीचे 30चे 25 पेग होतात, त्यातले तीन आतेभावाने कोकमध्ये बुडवले.

चकण्याचं म्हणाल तर खारे दाणे आणि वेफर्स हिच्याबरोबर नकोत, मीठ सगळं झाकून टाकतं. आम्हाला जमलेली जोडी म्हणजे गॅसवर भाजलेले सुके बोंबील. धुराला धूर लागतो. शेजारच्यांची तक्रार बोंबलांबद्दल आली, व्हिस्कीबद्दल नाही.

आता खरा भाग. 24 जुलैला गटारी होती. योगायोग असा की त्याच दिवशी तिकडे ब्रिटनमध्ये भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या, ज्यात तो लागू झाल्यावर स्कॉचवरचं आयात शुल्क 150 टक्क्यांवरून 75वर आणि पुढे दहा वर्षांत 40वर यायचं ठरलं. नवऱ्याने ही बातमी मोठ्याने वाचून दाखवली, "बघ, थांबली असतीस तर." त्या रात्री बाटली एक तृतीयांशाच्या जराशी वर होती. दुसऱ्या दिवशी श्रावण लागला. सासूबाई पाळतात, म्हणून घरात सगळेच पाळतो. मग लगेच गणपती. बाटली थेट सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी उघडली.

एव्हाना बाटलीत दोन भाग हवा होती. आणि हवा व्हिस्कीवर काम करतेच, चांगलंही आणि वाईटही. माझी अपेक्षा होती की शिळी लागणार. आधी आमची नेहमीचीही एक बाटली अशीच तळाला राहिली होती आणि कपाटातल्या जुन्या पुठ्ठ्यासारखी लागली होती. हिचं उलट झालं होतं. एप्रिलमधला तिखटपणा गेला होता, पाण्याचा चमचा अर्ध्यावर आला, गूळ पुढे आला होता. धूर मात्र हलका झाला होता, भाजणी होती पण डबा कुणीतरी आधीच उघडून ठेवल्यासारखी. त्याला दोष म्हणायचा की गुण, यावर आमचं एकमत नाही. नवऱ्याला सप्टेंबरची आवडली. मला जूनमधली, म्हणजे अर्ध्यावर आलेली, सगळ्यात चांगली होती.

त्याच रात्री उरलेली छोट्या बाटलीत काढली, म्हणजे आणखी हवा नको. त्यासाठी काचेची क्वार्टर लागते, आणि माहीमला माझ्यासारख्या बाईने रिकामी क्वार्टर मागायची कुणाकडे? नवऱ्याने कुठून तरी पैदा केली, विचारलं नाही. गरम पाण्याने तीनदा धुतली, दोन दिवस उपडी ठेवून वाळवली. काठोकाठ भरली. ऑक्टोबरपर्यंत तिच्यात मला काही फरक जाणवला नाही.

बाटली ठेवायची ती उभी. वाइनसारखी आडवी नाही, अल्कोहोल बुचाला खातं. हे मी अनुभवाने शिकले. काही वर्षांपूर्वी भेट आलेली एक परदेशी बाटली माळ्यावर आडवी पडून होती, उघडताना बूच अर्ध्यात तुटलं आणि ती मला चहाच्या गाळणीतून गाळावी लागली. पावसाळ्यात लेबलवर बुरशी येते ती वेगळीच. मी बाटली खोक्यासकट साड्यांच्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवते. तिथे अंधार असतो, हवा कोरडी असते आणि सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे तिथवर कुणी वाकत नाही.

दुसऱ्या कुणाकडून मागून थोडी थोडी चाखलेल्या दोन सांगते. पहिल्यांदाच सिंगल माल्ट घेणार असाल आणि धुराची खात्री नसेल तर पॉल जॉन ब्रिलियन्स बघा. गोव्याची, 46 टक्के, धूर नाही. हरियाणाची इंद्री त्रिनी पण 46ची. तीन प्रकारच्या पिंपांतली असल्यामुळे जास्त गोडसर, मनुकांकडे झुकणारी. पाहुण्यांना ती पटकन आवडते. फक्त गोव्याहून स्वस्तात आणायच्या भानगडीत पडू नका, परवान्याशिवाय सीमेवर पकडली तर बाटलीपेक्षा मनस्ताप महाग पडतो.

पैशांचं म्हणाल तर जूनमध्ये राज्याने स्वस्तातल्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. आता आमच्या नेहमीच्या ब्रँडचा भाव बघून नवरा "तीन खंबे" म्हणत नाही. महिन्याला चार पेगचा वापर असेल तर बाटलीमागे नाही, शनिवारामागे हिशेब करा. आमचे बारा शनिवारही झाले नाहीत, आतेभावामुळे.

दिवाळीनंतर दुसरी आणली. तीच, आतल्या फळीवरची. या वेळी त्या माणसाने मला विचारलं, "खोक्यातली ना?" मार्चअखेरचा ताळेबंद जुळला की उघडू.